बालविभागातील प्रौढ वाचक : कुमारांसाठीच्या अद्भुत कादंबऱ्यांच्या आस्वादाचा विचार

सारांश

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबऱ्या प्रौढ वाचकही आवडीने वाचतात. परंतु ही आवड उघडपणे सांगण्यास ते सहसा तयार नसतात. स्मरणरंजन, पलायन किंवा अप्रगल्भता यांपैकी एखाद्या कारणात ती बसवून टाकण्याची सवय समीक्षेलाही आहे. प्रस्तुत लेखात मराठीतील अद्भुत कथनाची परंपरा, ‘चांदोबा’ मासिकातील दीर्घ कथामाला आणि ‘हॅरी पॉटर’ मालिका यांच्या आधारे या आस्वादाचे स्वरूप तपासले आहे. प्रौढाचा हा आस्वाद म्हणजे बालपणाकडे परतणे नव्हे. बालवाचकाला न दिसणारा अर्थ त्याच कथेत पाहणे, हे त्याचे खरे रूप आहे. त्याची दखल न घेतल्यामुळे मराठी कुमारसाहित्याचे नुकसान होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : अद्भुतरस, कुमारसाहित्य, प्रौढ वाचक, संभावनाविरह, चांदोबा, अनुवाद.

१. प्रस्तावना

सार्वजनिक ग्रंथालयात बालविभागाचे कपाट वेगळे असते. त्या कपाटातून पुस्तक नेणारा प्रौढ सभासद ते मुलासाठी किंवा नातवंडासाठी नेत असल्याचे सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु पुस्तक घरी गेल्यावर ते प्रथम कोण वाचून संपवतो, याची नोंद ग्रंथालयाच्या नोंदवहीत होत नाही. प्रौढ माणसाने राक्षस, जादूगार, उडते घोडे आणि शापित किल्ले यांच्या कथेत रात्री जागवाव्यात, हे शिक्षित समाजाला काहीसे लाजिरवाणे वाटते. महाविद्यालयीन अध्यापकाच्या बाबतीत तर हा संकोच अधिकच असतो, कारण वाङ्मयीन अभिरुचीचा निर्णय करणे हे त्याच्या व्यवसायाचेच अंग मानले जाते.

या आवडीची तीन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. पहिले असे, की प्रौढ वाचक आपल्या हरवलेल्या बालपणाचा शोध घेत असतो. दुसरे असे, की संसार, नोकरी आणि समाज यांच्या कटकटींपासून तो घटकाभर दूर पळू पाहतो. तिसरे स्पष्टीकरण अधिक कठोर आहे. त्याची अभिरुची पुरेशी पिकलेली नाही, असे ते सांगते. ही तिन्ही स्पष्टीकरणे वाचकाच्या मनाविषयी बोलतात, पुस्तकाविषयी बोलत नाहीत. वाचकाला नेमके कशामुळे बांधून ठेवले, हे पाहावयाचे असेल तर कथेच्या घडणीकडेच वळले पाहिजे.

येथे ‘अद्भुत कादंबरी’ हा शब्द मर्यादित अर्थाने योजला आहे. ज्या दीर्घ कथनात निसर्गनियमांपलीकडच्या गोष्टी घडतात, त्या घडण्याला कथेच्या जगात निश्चित नियम असतात आणि जे प्रामुख्याने कुमारवयीन वाचकांपुढे ठेवले जाते, असे कथन येथे अभिप्रेत आहे. साहसकथा आणि विज्ञानकथा यांचा उल्लेख केवळ आनुषंगिक आहे.

२. अद्भुताचे वाचक कोण होते?

अद्भुत कथा मुलांसाठी आणि वास्तव कथा मोठ्यांसाठी, ही वाटणी मराठीत फार जुनी नाही. कथासरित्सागर, वेताळपंचविशी, सिंहासनबत्तिशी यांचे श्रोते कोणत्याही एका वयाचे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणण्यास प्रारंभ केला, तेव्हाही त्या शाळकरी मुलांपुरत्या मर्यादित असाव्यात अशी कल्पना नव्हती. त्याच काळातील ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या आरंभीच्या कादंबऱ्यांनी विस्मयालाच आवाहन केले आणि त्यांचे वाचक प्रौढ होते.

ही स्थिती बदलण्यास समीक्षेने हातभार लावला. का. बा. मराठे यांच्या ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ (१८७२) या लेखनात तत्कालीन कथावाङ्मयाच्या असंभाव्यतेवर टीका झाली. पुढे हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ (१८८५) आणि नंतरच्या सामाजिक कादंबऱ्या आल्या. त्यांनी भोवतालच्या जीवनाचे चित्रण हे कादंबरीचे मुख्य कर्तव्य ठरवले. हे परिवर्तन आवश्यक होते आणि त्याचे ऋण मोठे आहे. परंतु त्याचा एक आनुषंगिक परिणाम असा झाला, की अद्भुताची गणना अपरिपक्व वाङ्मयात होऊ लागली. वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ (१९०२) या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन्ही प्रवृत्तींचा गंभीरपणे विचार केला होता. तथापि पुढील समीक्षेत हा धागा क्षीण झाला.

नाथमाधव यांच्या ‘वीरधवल’ (१९१३) या कादंबरीचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. द्वारकानाथ माधव पितळे हे तिच्या कर्त्याचे मूळ नाव. ही कादंबरी सर्वसामान्य मराठी वाचकासाठी लिहिली गेली होती. पण कालांतराने तिची ओळख शाळकरी वयात वाचावयाची पुस्तके या वर्गात होऊ लागली. पुस्तकाचा मजकूर बदलला नव्हता. ते ज्या कपाटात ठेवले जाते ते कपाट बदलले होते. जे. आर. आर. टॉल्किन यांनी परीकथांविषयी १९३९ मध्ये दिलेल्या व्याख्यानात नेमका हाच मुद्दा युरोपच्या संदर्भात मांडला आहे. घरातील जुने, प्रचारातून गेलेले सामान जसे मुलांच्या खोलीत टाकले जाते, तशा या कथा मुलांच्या वाट्याला आल्या. मुलांना त्या विशेष आवडतात म्हणून तसे झाले नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

याच्या उलट दिशेचा प्रवासही मराठीत झालेला आहे. गौरी देशपांडे यांनी १९७० च्या दशकात रिचर्ड बर्टन यांच्या ‘अरेबियन नाइट्स’चा सोळा खंडांत अनुवाद केला, तेव्हा मुलांची समजली जाणारी ती कथा पुन्हा प्रौढांच्या कपाटात आली. कपाट बदलताच तिच्याकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. तात्पर्य, अद्भुत कथेचे वय तिच्या आशयावरून ठरलेले नाही. प्रकाशन, ग्रंथालय आणि शाळा यांच्या व्यवस्थेने ते ठरवले आहे.

३. सीमाभाग आणि ‘चांदोबा’

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, कर्नाटकाच्या सीमेलगत असलेला अक्कलकोट तालुका या विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगा आहे. येथे मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा घराघरांत बोलल्या जातात. सोलापूरच्या सान्निध्यामुळे तेलुगूही परकी नाही आणि उर्दूचाही वावर आहे. अशा प्रदेशातील वाचनसंस्कृतीचा विचार एका भाषेच्या चौकटीत करता येत नाही. मद्रासहून निघणारे ‘चांदोबा’ हे मासिक म्हणूनच येथे महत्त्वाचे ठरते. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत ‘चंदामामा’ सुरू केले. कन्नड आवृत्ती १९४९ मध्ये आणि मराठी ‘चांदोबा’ १९५२ मध्ये निघाला. एकच कथा, तीच चित्रे आणि तेच मुखपृष्ठ अनेक भाषांत जात असल्यामुळे सीमेवरच्या गावी मराठी शाळेतील मुलाला आणि कन्नड शाळेतील त्याच्या शेजाऱ्याला एकाच राक्षसाची भीती वाटणे शक्य होते. हे मासिक २०१२-१३ च्या सुमारास बंद पडले.

या मासिकाचे वैशिष्ट्य केवळ छोट्या बोधकथांत नव्हते. त्यात क्रमशः छापली जाणारी दीर्घ अद्भुत कथामाला ही वस्तुतः मुलांसाठी लिहिलेली कादंबरीच होती. तेलुगू लेखक दासरी सुब्रह्मण्यम् यांनी १९५० च्या दशकापासून अशा अनेक कथामाला लिहिल्या. धूमकेतू, ज्वालांचे बेट, काशाचा किल्ला, राक्षसांची दरी, पाताळातील दुर्ग अशा कल्पनांभोवती त्या गुंफलेल्या होत्या आणि त्या विविध भारतीय भाषांत पोहोचल्या. मासिकात लेखकाचे नाव बहुधा ठळकपणे येत नसे. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाचकांना ज्याने विस्मय दिला, त्याचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. ‘चित्रा’ या नावाने ओळखले जाणारे टी. व्ही. राघवन यांची रेखाचित्रे मात्र वाचकांच्या डोळ्यांपुढून हलली नाहीत.

१९५२ ते १९८० या काळात ‘चंदामामा’च्या संपादनाची सूत्रे सांभाळणारे कोडवटिगंटी कुटुंबराव हे तेलुगूतील प्रौढ वाङ्मयाचे महत्त्वाचे लेखक होते आणि त्यांची वैचारिक भूमिका विवेकवादी होती. चमत्कारांवर विश्वास नसलेल्या लेखकाने चमत्कारांच्या कथा इतक्या आस्थेने घडवाव्यात, यात विसंगती नाही. अद्भुतावर विश्वास ठेवणे आणि अद्भुताचा आस्वाद घेणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे त्यातून स्पष्ट होते.

‘चांदोबा’ घरात आल्यावर तो आळीपाळीने सर्वजण वाचीत, ही आठवण त्या पिढीत सर्वत्र आढळते. विक्रम-वेताळाच्या कथांनी प्रौढांना बांधून ठेवण्याचे कारण त्यांच्या रचनेत सापडते. राजा प्रेत खांद्यावर घेतो, वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून मौन पाळले तर मस्तकाची शकले होतील. उत्तर दिले तर मौन मोडून वेताळ पुन्हा झाडावर जाईल. मुलाला येथे वेताळाच्या निसटण्याची गंमत वाटते. प्रौढाला मात्र हा पेच ओळखीचा वाटतो, कारण बोलले तरी हानी आणि न बोलले तरी हानी, असे प्रसंग त्याच्या वाट्याला येऊन गेलेले असतात. वेताळपंचविशीतील मस्तकांच्या अदलाबदलीच्या कथेवरून थॉमस मान यांनी १९४० मध्ये कादंबरिका लिहिली आणि तिच्या आधाराने गिरीश कार्नाड यांनी ‘हयवदन’ (१९७१) हे नाटक रचले. चिं. त्र्यं. खानोलकरांनी ते मराठीत आणले. मुलांच्या मासिकात शोभणाऱ्या कथेत एवढा आशय मुळातच होता. तो पाहण्यासाठी प्रौढ वाचक हवा होता.

४. विश्वासाचा प्रश्न

प्रौढ माणूस असंभाव्य गोष्टीत रमतो कसा, या प्रश्नाला भारतीय साहित्यशास्त्राने पूर्वीच हात घातला आहे. भरताने अद्भुतरसाचा स्थायीभाव विस्मय हा मानला. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने आपल्या पूर्वजाचे, नारायणाचे, मत नोंदवले आहे. चमत्कार हे सर्वच रसांचे सार असल्यामुळे सर्वत्र अद्भुतच असतो, असे ते मत. या दृष्टीने अद्भुत हा बालबुद्धीचा रस ठरत नाही. तो रसानुभवाच्या गाभ्याशी आहे.

अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील पहिले विघ्न म्हणजे संभावनाविरह. वर्ण्य वस्तू शक्य वाटलीच नाही, तर चित्त तिच्यात स्थिर होत नाही आणि आस्वाद सुरूच होत नाही. लोकोत्तर कृत्ये दाखवावयाची असतील तर ती रामादी प्रख्यात पुरुषांची असावीत. कारण त्यांची कीर्ती दीर्घकाळ मनात रुजलेली असल्यामुळे प्रतीती सहज येते, असा उपाय त्याने सुचवला आहे.

अक्कलकोटसारख्या क्षेत्रात हा भेद विशेष स्पष्ट होतो. श्रीस्वामी समर्थांनी १८७८ मध्ये येथे समाधी घेतली आणि त्यांच्या लीलाकथांचे वाचन व श्रवण आजही येथे होत असते. भाविक त्या कथा ऐकतो तेव्हा संभाव्यतेचा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे श्रद्धा अगोदरच सिद्ध असते. त्या कथांची गणना कल्पित वाङ्मयात करणे अयोग्य होईल. त्यांचे प्रयोजनच वेगळे आहे. परंतु तोच माणूस संध्याकाळी जादूगारांच्या शाळेची कादंबरी हाती घेतो, तेव्हा त्याच्यापाशी अशी पूर्वसिद्ध श्रद्धा नसते. कादंबरीतील जग खोटे आहे हे त्याला पहिल्या पानापासून ठाऊक असते. तरीही तो गुंततो. म्हणजे येथे संभावनाविरहाचे निवारण कथेला स्वतःच करावे लागते.

कुमारांसाठीच्या उत्तम अद्भुत कादंबऱ्या हे निवारण नियमांच्या द्वारे करतात. अमेरिकन लेखिका उर्सुला ल ग्विन यांच्या ‘अ विझार्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीत प्रत्येक वस्तूचे एक खरे नाव असते. ते जाणणाऱ्यालाच त्या वस्तूवर सत्ता मिळते आणि प्रत्येक जादूची किंमत जगाच्या समतोलाला मोजावी लागते. जे. के. रोलिंग यांच्या मालिकेत जादूने पुष्कळ काही घडते, पण मेलेल्याला पुन्हा जिवंत करता येत नाही. ही मर्यादा मालिकेच्या सातही भागांत पाळली गेल्यामुळेच तेथील मृत्यू खरा वाटतो. नियम शिथिल होताच प्रौढ वाचक पुस्तक मिटवतो, आणि बहुधा चाणाक्ष मूलही मिटवते.

अनुवादकाला याखेरीज अभिनवगुप्ताचा जुना उपायही उपयोगी पडतो. रोलिंग यांच्या पहिल्या भागाचा मराठी अनुवाद ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने प्रसिद्ध झाला. ‘परीस’ हा शब्द मराठी वाचकाला संतवाङ्मयापासून आणि म्हणींपासून परिचित आहे. लोखंडाचे सोने करणारा दगड ही कल्पना त्याला समजावून सांगावी लागत नाही. युरोपीय किमयागारांची वस्तू या एका शब्दामुळे प्रख्यात होऊन बसते. शब्दाच्या निवडीने मूळ कल्पनेतील अमृताचा अंश काहीसा मागे पडतो, हे खरे. पण प्रतीती येण्याच्या दृष्टीने ही निवड यशस्वी आहे.

५. दुहेरी वाचन

विश्वासाचा प्रश्न सुटला तरी आनंदाचा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर प्रौढ वाचकाच्या दुहेरी वाचनात आहे. तो मुलाच्या जागी बसून कथा वाचतो आणि त्याच वेळी मुलाला न दिसणाऱ्या गोष्टी पाहतो.

परिसाच्या कथेचा शेवट घेता येईल. दुष्टाच्या हाती परीस लागत नाही, याचा मुलाला आनंद होतो. परंतु तो परीस नष्ट करण्याचा निर्णय घेतला जातो, तेव्हा त्यावर जगणारे सहाशे वर्षांहून अधिक वयाचे एक दांपत्य मरण्यास संमती देते. बालवाचक या तपशिलावरून झटकन पुढे जातो. वृद्ध आईवडिलांच्या आजारपणात रात्री काढलेला वाचक तेथे थांबतो. कथेने त्याला उपदेश केलेला नसतो. दीर्घायुष्य आणि समाधान यांविषयी एक शांत निर्णय फक्त त्याच्यापुढे ठेवलेला असतो.

याच मालिकेच्या पाचव्या भागात (२००३) ‘थेस्ट्रल’ नावाचे घोड्यासारखे प्राणी येतात. शाळेच्या गाड्या तेच ओढतात, पण ज्याने मृत्यू प्रत्यक्ष पाहिला आहे त्यालाच ते दिसतात. इतरांना गाड्या आपोआप चालतात असे वाटते. हॅरीला ते पहिल्या चार वर्षांत दिसले नव्हते. डोळ्यांदेखत सहाध्यायी मारला गेल्यानंतर ते दिसू लागतात. लेखिकेच्या हातून प्रौढ वाचनाची व्याख्याच येथे कथारूपाने झाली आहे. कुमारवाचक आणि प्रौढ वाचक एकाच गाडीत बसलेले असतात. गाडी कोण ओढते हे दोघांना सारखे दिसत नाही. याच भागात दर्शकाच्या मनातील भयाचे रूप घेणारा एक जीव आईपुढे तिच्या मुलांच्या प्रेतांचे रूप घेतो. तो प्रसंग बाराव्या वर्षी भयप्रद वाटतो आणि चाळिसाव्या वर्षी असह्य होतो. वाक्ये तीच असतात.

ल ग्विन यांच्या कादंबरीत हे अधिक संयत रीतीने घडते. अहंकारापोटी तरुण गेड एक छाया जगात सोडतो, तिच्यापासून पळतो आणि गुरूच्या सल्ल्याने अखेर तिच्याकडे वळून तिचाच पाठलाग करू लागतो. शेवटी तो तिला नाव देतो ते स्वतःचेच असते. कुमारवाचकाला हा विजय वाटतो. प्रौढ वाचकाला ती कबुली वाटते, कारण ज्या दोषाला आपण वर्षानुवर्षे परके म्हणत आलो तो आपलाच होता, हे त्याला बहुधा उशिरा कळलेले असते. लेखिका स्वतःही या जगाकडे परतल्या. १९९० मध्ये त्यांनी ‘तेहानू’ लिहिली, तेव्हा केंद्रस्थानी मध्यमवयीन विधवा स्त्री होती आणि गेडची शक्ती संपली होती. वाचकाबरोबर कथाविश्वही वयाने वाढू शकते, याचे हे उदाहरण आहे.

या विवेचनावरून स्मरणरंजनाचे स्पष्टीकरण अपुरे ठरते. स्मरणरंजनात वाचक पूर्वी पाहिलेले पुन्हा पाहू इच्छितो. येथे तो पूर्वी न पाहिलेले प्रथमच पाहतो.

६. आक्षेपांचा विचार

या आवडीवरील आक्षेप क्षुल्लक नाहीत. पॉटर मालिकेच्या प्रौढ वाचकांसाठी वेगळ्या मुखपृष्ठाच्या प्रती १९९८ पासून निघू लागल्या. २००० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बालपुस्तकांसाठी खपाची स्वतंत्र यादी सुरू केली. प्रौढाचा संकोच झाकण्याचीही बाजारपेठ होऊ शकते, हे त्यातून दिसते. ब्रिटिश कादंबरीकार ए. एस. बायट यांनी २००३ मध्ये या प्रौढ वाचकांवर कठोर टीका केली. हे वाचक बालपणीच्या सुरक्षित कोशात परतत आहेत आणि या मालिकेचे जग उसनवारीच्या साहित्यातून रचलेले आहे, असा तिचा रोख होता. तथापि त्यांनी हा दोष सर्वच अद्भुत कादंबऱ्यांना लावला नाही. ल ग्विन यांच्या जगाचे गांभीर्य त्यांनी मान्य केले. म्हणजे वाद प्रकाराविषयी नसून गुणवत्तेविषयी आहे.

आणखी एक आक्षेप अधिक विचारार्ह आहे. या पुस्तकांत भाषा सोपी, कथानक वेगवान आणि सुष्ट-दुष्टांची विभागणी स्पष्ट असते. म्हणून थकलेल्या प्रौढाला ती सोयीची वाटतात. हे अंशतः खरे आहे. साच्यातून काढलेल्या असंख्य अद्भुत कादंबऱ्या अशाच सोयीवर चालतात आणि त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु सोपेपणा आणि उथळपणा एक नव्हेत. मुलांसाठी लिहिणाऱ्याला लांबण लावता येत नाही, शैलीच्या आड लपता येत नाही आणि कथा सोडून भाष्य करता येत नाही. ही बंधने पाळून गंभीर आशय मांडणे कठीण असते. फिलिप पुलमन यांच्या ‘द अँबर स्पायग्लास’ या कुमारांसाठी प्रकाशित झालेल्या कादंबरीला २००१ चा ‘व्हिटब्रेड’ वर्षातील सर्वोत्तम पुस्तकाचा सन्मान प्रौढांच्या पुस्तकांशी स्पर्धा करून मिळाला, ही घटना या संदर्भात बोलकी आहे.

पलायनाच्या आक्षेपाला टॉल्किन यांनी दिलेले उत्तरही ध्यानात घेण्याजोगे आहे. कैद्याने तुरुंगाबाहेरचे जग आठवणे आणि सैनिकाने रणांगणातून पळणे यांत त्यांनी फरक केला. वास्तवाचा कंटाळा आणि वास्तवाची जबाबदारी नाकारणे यांची गल्लत होऊ नये, हा त्याचा आशय. पुस्तक मिटल्यावर वाचक आपल्या प्रश्नांकडे कोणत्या मनाने परततो, ही कसोटी येथे अधिक योग्य ठरेल.

७. मराठी कुमारसाहित्यापुढील प्रश्न

हा सारा विचार केवळ अभिरुचीच्या समर्थनासाठी नाही. मराठीत प्रतिभावान लेखकांनी बालवाचक आणि प्रौढ वाचक यांच्यातील भिंत वेळोवेळी ओलांडली आहे. रत्नाकर मतकरी यांनी प्रौढांसाठी गूढकथा लिहिल्या आणि त्याच लेखणीने मुलांच्या रंगभूमीवर राक्षस व चेटकिणी आणल्या. त्यांचे ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हा पालकांनीही ते तितक्याच उत्साहाने पाहिले. भा. रा. भागवत यांनी १९५० च्या दशकापासून ज्यूल व्हर्न मराठी मुलांपर्यंत पोहोचवला. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणारे जी. ए. कुलकर्णी यांनी आपल्या प्रौढ कथांत लोककथेची आणि दृष्टान्तकथेची घडण वापरली. ‘बखर बिम्मची’ मात्र लहानग्याच्या कल्पनाविश्वात शिरून लिहिली. जी. एं.च्या या पुस्तकाला मिळालेले प्रौढ वाचक सीमाभागातील एका महाविद्यालयीन अध्यापकाने निर्माण केले, ही बाब अध्यापकवर्गाने विसरू नये.

असे असूनही कुमारवयासाठी लिहिलेल्या स्वतंत्र, दीर्घ आणि स्वतःचे नियम असलेल्या मराठी अद्भुत कादंबऱ्या अल्प आहेत. अनुवादित पुस्तके हातोहात जातात आणि त्या तोडीच्या मूळ मराठी कृती बोटांवर मोजण्याइतक्या सापडतात. याचे एक कारण मूल्यमापनाच्या पद्धतीत आहे. मराठीत बालसाहित्याची पारख मुख्यतः संस्कार, बोध आणि भाषेचा सोपेपणा या निकषांवर होते. पुस्तक मुलासाठी विकत घेणारा प्रौढ ते स्वतः वाचीत नाही. मुखपृष्ठ, किंमत आणि तात्पर्य पाहून घेतो. जे पुस्तक प्रौढाने कधीच स्वतःसाठी वाचावयाचे नाही, त्याच्याकडून तो वाङ्मयीन गुणवत्तेची अपेक्षाही करीत नाही. लेखकालाही मग तात्पर्यापलीकडे जाण्याची गरज भासत नाही. साहित्य अकादेमीने २०१० पासून बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला, हे स्वागतार्ह आहे. परंतु पुरस्काराने समीक्षेची उणीव भरून निघत नाही.

सीमाभागात या उणिवेचा परिणाम अधिक जाणवतो. येथील मूल घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि दूरचित्रवाणीवर तिसरी ऐकते. त्याने मराठीत वाचावे असे वाटत असेल, तर रात्री जागविण्याइतके ओढून घेणारे पुस्तक त्याला मराठीत मिळाले पाहिजे. एके काळी ‘चांदोबा’ने हे काम दरमहा केले. त्याची जागा आज रिकामी आहे. ती भरावयाची असेल तर मुलांसाठीचे पुस्तक स्वतः चवीने वाचणारा आणि त्याच्याविषयी निःसंकोच बोलणारा प्रौढ वाचक लागेल. चांगले आणि सुमार यांतील फरक प्रथम त्यालाच सांगता येईल.

यासाठी महाविद्यालयीन स्तरावर दोन गोष्टी सहज शक्य आहेत. पदव्युत्तर अभ्यासात कादंबरीच्या इतिहासाचे अध्यापन करताना अद्भुत धारेला ‘प्राथमिक अवस्था’ म्हणून निकालात न काढता तिच्या पुढील प्रवासाचा मागोवा घेता येईल. तसेच प्रकल्पलेखनासाठी बालविभागातील एखादी कृती निवडून तिच्या घडणीचे विश्लेषण विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. तिच्यातून मिळणारा बोध शोधणे हा त्या प्रकल्पाचा हेतू नसावा. कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषा जाणणारे विद्यार्थी ‘चंदामामा’च्या दोन आवृत्त्यांचा तौलनिक अभ्यास करू शकतील. असा अभ्यास अक्कलकोट परिसरात जितका स्वाभाविक आहे, तितका अन्यत्र क्वचितच असेल.

८. समारोप

कुमारांसाठीच्या अद्भुत कादंबरीत प्रौढाला मिळणारा आनंद हा दुय्यम किंवा क्षम्य आनंद नाही. कथेतील नियमांनी संभावनाविरहाचे निवारण केलेले असते, म्हणून तो रमू शकतो; अनुभवाने दृष्टी दिलेली असते, म्हणून त्याला मुलाहून अधिक दिसते. ज्या पुस्तकात प्रौढाला अधिक दिसण्यासारखे काहीच नसते, ते पुस्तक बहुधा मुलाच्याही मनात फार काळ राहत नाही. या अर्थाने प्रौढाची आवड ही कुमारसाहित्याच्या गुणवत्तेची एक विश्वसनीय कसोटी आहे.

ही कसोटी उपयोगात यावयाची असेल, तर वाचकाने आपली आवड लपविणे सोडले पाहिजे. बालविभागाच्या कपाटातून पुस्तक नेताना ते स्वतःसाठी नेत असल्याचे सांगणारे सभासद ज्या ग्रंथालयात वाढतील, तेथे त्या कपाटात पुढच्या वर्षी कोणती पुस्तके यावीत याचीही चर्चा सुरू होईल.